अक्कांची वरची वाटी आणि डुकरांची लस

तुम्ही कधी डुकराला खोकताना पाहिलं आहे का? खरं सांगा. डुक्कर पाहिलं असेल, त्याला दगडही मारला असेल, नाकाला रुमाल लावून पुढे गेला असाल. पण थंडीच्या सकाळी ते मान पुढे ताणून, पाठीची कमान करून, चारही पाय रोवून खोकत असतं, तेव्हा थांबून पाहिलंय? नाही ना? मी पाहते. मला त्याचाच पगार मिळतो.

मी पशुवैद्यक आहे आणि जळगावातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत डुकरांच्या न्यूमोनियावर लस तयार करण्याचं काम करते. हे काम लोकांना सांगणं हे कामापेक्षा अवघड आहे. आमच्या घरमालकीण काकूंनी मी राहायला आले तेव्हा गल्लीभर सांगितलं, "आमच्याकडे लसवाली डॉक्टर आली आहे." दोन शेजारणी बाळं घेऊन आल्या. मी म्हटलं, मी माणसांना टोचत नाही. काकू म्हणाल्या, "मग म्हशींना?" मी खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून माझे कपडे गच्चीतल्या वेगळ्या दोरीवर वाळतात. एकदा मला पाहायला आलेल्या मंडळींतल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करता हो तुम्ही?" मी म्हटलं, "खोकला मोजते." त्या खूश झाल्या. "कोणाचा?" पुढचे पोहे त्यांनी खाल्लेच नाहीत.

माझा स्वभाव असा होण्याला माझे वडील जबाबदार आहेत. धुळ्यात आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. वडील शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पाण्यासाठी, रस्त्यासाठी, रेशनसाठी पत्रकं काढायचे. डाळींच्या डब्यांवर झाकण म्हणून जुनी पत्रकंच असत. आई 'जागे व्हा' खालून तूरडाळ काढायची आणि 'आता तरी उत्तर द्या' खालून हरभरा. मी वाचायला शिकले ती त्यावरच. त्यामुळे मला आजही साधं वाक्य लिहिताना शेवटी उद्गारचिन्ह द्यावंसं वाटतं. या लेखात मी ते आवरलं आहे, याची नोंद घ्यावी.

आता थोडं कामाविषयी. ज्या जंतूवर आम्ही काम करतो तो काही बाहेरून येत नाही. ठणठणीत डुकराच्या घशातही तो गपचूप बसलेला असतो. थंडी पडली, धूळ उडाली, एका कोपऱ्यात खूप पिल्लं दाटीने झोपली, की तो घशातून फुप्फुसात उतरतो. निरोगी फुप्फुस गुलाबी आणि स्पंजासारखं हलकं असतं. आजारी फुप्फुस काळजासारखं घट्ट आणि करडं होतं. त्यात हवा शिरायला जागाच उरत नाही. पिल्लू आधी खोकतं, मग खाणं सोडतं, मग एका सकाळी उठत नाही.

लस करायची म्हणजे अशा आजारी डुकरातून जंतू मिळवायचा, बाटलीत त्याचे लाड करून त्याला वाढवायचं आणि मग मारायचं. पूर्ण मारायचं. अर्धमेला जंतू म्हणजे लस नव्हे, आजार. मेलेल्या जंतूत तेलासारखं एक द्रव्य मिसळायचं, म्हणजे टोचलेलं औषध शरीरात लगेच विरघळून जात नाही, आणि शरीराला शत्रूचा चेहरा पाठ करायला सवड मिळते. जंतू वाढवायला उबदार कपाट लागतं. जळगावात मे महिन्यात हे कपाट गरम करण्यापेक्षा थंड ठेवण्यासाठी जास्त वीज जाते. आमचे प्रमुख बोरसे सर उन्हाळ्यात म्हणतात, "बाटल्या खिडकीत ठेवा, सरकारी उष्णता फुकट आहे."

बाजारात तयार लस नाही का, असं तुम्ही विचाराल. आहे. पण ती मोठमोठ्या फार्मांचा विचार करून केलेली. एकाच जंतूचे अनेक प्रकार असतात. बाहेरच्या लशीत आपल्याकडचा प्रकार असेलच असं नाही. शिवाय ज्याच्याकडे पंधरा-वीस डुकरं आहेत त्याचा विचार कोण करणार? डुक्कर म्हटलं की सगळेच नाक मुरडतात. सरकारी कागदात त्याला वराह म्हणतात, म्हणजे नाव घेताना तरी तोंड विटाळू नये. देवळात वराहासमोर हात जोडायचे आणि गल्लीत त्याच्या पोराला दगड मारायचा! (हे एक उद्गारचिन्ह राहू द्या.)

प्रयोगशाळेत लस चांगली ठरली. पण प्रयोगशाळेतली डुकरं राजेशाही थाटात राहतात. खरी परीक्षा वस्तीत. ती घ्यायला आम्ही धुळ्याजवळच्या सोनगीरला गेलो.

महामार्गाला लागून, ढाब्यांच्या मागे, डुकरं पाळणाऱ्या काही कुटुंबांची वस्ती आहे. तिथे शब्द चालतो तो जनाअक्कांचा. साठीच्या, काटक, कमरेला कायम चुन्याची डबी. त्यांचे यजमान नाना बोलत नाहीत असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं, त्यांची पाळी येत नाही. ढाबेवाले पोपटभाऊ रोज उरलंसुरलं पिंपात भरून ठेवतात आणि अक्का ते डुकरांना घालतात. त्यामुळे सोनगीरची डुकरं शेवभाजी, डाळ-बट्टी आणि वांग्याचं भरीत खाऊन वाढतात. तिखटाला ती घाबरत नाहीत. मी घाबरते.

आदल्या हिवाळ्यात अक्कांची पिल्लं खोकून खोकून मेली होती. एका मादीची तर सगळीच्या सगळी. "हाई दखा," असं म्हणून त्यांनी मला रिकामं कुडाचं घर दाखवलं. त्यात पेंढा तसाच होता. अक्का डबीतला चुना बोटावर घेऊ लागल्या. पुढच्या हिवाळ्याआधी लस हाताशी आली तर वस्ती टिकेल, नाही तर डुकरं विकून सगळ्यांना रस्त्याच्या कामावर जावं लागेल, हे नानांनी सांगितलं. तेवढ्यापुरती त्यांची पाळी आली होती.

मी उभी राहिले आणि समजावून सांगितलं. निम्म्या पिल्लांना लस टोचायची. निम्म्यांना तसंच दिसणारं, पण लस नसलेलं पाणी. दोन्ही गटांच्या कानात रंगीत बिल्ले. एक हिरवा, एक पिवळा. कोणत्या रंगात काय आहे ते मला माहीत नाही, बोरसे सरांना माहीत नाही. फक्त प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याला माहीत, आणि त्याला सोनगीरला यायची बंदी. कारण माणसाला कळलं की कोणाला काय दिलंय, तर त्याचे डोळे हवं तेच बघतात आणि कान हवं तेच ऐकतात.

अक्कांनी चुन्याची डबी बंद केली.

"अर्धासले औषध अन् अर्धासले पानी?"

"हो."

"हाई कोनता न्याय शे वं माय?"

"अक्का, तुलना केल्याशिवाय लस कामाची आहे की नाही ते कळणार कसं?"

"ज्यासले पानी, त्यासनी काय चोरी करी? बठ्ठासले द्या, नही तं कोनलेच नका द्या."

सगळी वस्ती माझ्याकडे पाहू लागली. आणि माझी पंचाईत अशी, की हा प्रश्न मी लहानपणापासून दुसऱ्यांना विचारत आले आहे. आमच्या घरी हा प्रश्न छापलेला असायचा, खाली मुद्रकाच्या नावासकट. मी बोरसे सरांकडे पाहिलं. ते पोपटभाऊंच्या ढाब्याकडे बघत होते. मग मी एक तासभर बोलले. समता, सत्य, पुढच्या पिढ्यांची पिल्लं, सगळं आलं. शेवटी टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यात ढाब्यावर जेवायला थांबलेले दोन ट्रक ड्रायव्हरही होते. अक्का म्हणाल्या, "तू बोलस चांगलं. पन पानी ते पानीच." आणि मग, "टोच. आम्ही पाही लेसूत."

'आम्ही पाही लेसूत' म्हणजे 'आम्ही बघून घेऊ'. त्या वेळी मला वाटलं, म्हणजे लक्ष ठेवू.

टोचणी झाली. डुकराला धरायची रीत अशी: लांब दांड्याला तारेचा फास असतो, तो वरच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे अडकवायचा. डुक्कर मागे ओढ घेतं आणि जागच्या जागी उभं राहून किंचाळतं. त्याला काही होत नाही. आपल्या कानांचं काय होतं, ते वेगळं. पहिल्या दिवशी महामार्गावर एक एसटी थांबली आणि कंडक्टर धावत आला. त्याला वाटलं, अपघात झाला. नाना त्याला म्हणाले, "काही नही भाऊ, नाक पुसी ऱ्हायनूत." खरंच होतं ते. मी नाकात कापसाची काडी फिरवत होते, जंतू आहे का ते पाहायला.

त्यानंतर धुळ्याच्या घरी मुक्काम ठेवून रोज सकाळी खोकला मोजणं. डुकरं पहाटे अंगाला अंग लावून पडलेली असतात. आत जायचं, टाळ्या वाजवून उठवायचं, आणि ठरावीक वेळ ऐकत राहायचं. हिरव्याचा खोकला उजव्या हाताच्या बोटावर, पिवळ्याचा डाव्या. एका सकाळी मात्र सगळी एकदम खोकायला लागली. हिरवी, पिवळी, बिनबिल्ल्याची, म्हातारी मादी, कोंबड्या. मला वाटलं, साथ. मी सरांना फोन लावला आणि बोलता बोलता मीच खोकायला लागले. मागे अक्का खोकत होत्या, नाना खोकत होते. शेजारच्या मसाला कांडायच्या गिरणीत कोणीतरी लग्नाची मिरची टाकली होती. त्या दिवसाची मोजणी आम्ही रद्द केली. बोरसे सरांनी विचारलं, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, "लग्न."

हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. हिरवी पिल्लं भरत होती. नुसती भरत नव्हती, फुगत होती. खोकला कमी, कातडी तुकतुकीत, डोळ्यांत समाधान. वजनाच्या पिंजऱ्यात शिरली की बाहेर यायला मागे ढकलावं लागे. पिवळी आपली डुकरासारखी डुकरं. काही खोकली, दोन-तीन आजारी पडली, त्यांना औषध देऊन बरं केलं. बोरसे सर एरवी हसत नाहीत, पण त्या आठवड्यात ते प्रयोगशाळेत शीळ घालत होते. "हिरवी जर लसवाली निघाली ना," ते म्हणायचे, "तर आपण जगाला दाखवू."

आणि हिरवीच लसवाली निघाली. गुपित फुटलं त्या दुपारी सरांनी पेढे मागवले. एक पेढ्यांचा पुडा घेऊन मी सोनगीर गाठलं. खाटेवर अक्का बसल्या होत्या, नाना सूप दुरुस्त करत होते.

"अक्का, लस लागू पडली! हिरव्यांना लस होती!"

अक्कांनी पेढा हातात धरला आणि तसाच ठेवला.

"हिरवासले?"

"हो!"

"पिवळासले नही?"

"पिवळ्यांना पाणी."

अक्कांनी नानांकडे पाहिलं. "मंग मी इतला दिन बट्टी कोनले खावाडी?"

नाना सूप खाली न ठेवता म्हणाले, "मी सांगेल व्हतं तुले, पिवळा बारीक दिसतस."

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. या वस्तीत मटण वाटून घेतात तेव्हा एक रीत आहे. ज्याच्या वाट्याला हाडंच जास्त येतात, त्याला वरून एक वाटी रस्सा. तिला म्हणतात वरची वाटी. ती मागावी लागत नाही, वाटणाराच देतो. नाही दिली तर वाटणाऱ्याची नाचक्की. अक्कांनी हाच नियम डुकरांना लावला. पिवळा बिल्ला म्हणजे हळद, हळद म्हणजे औषध, तेव्हा लस पिवळ्यांना. हिरव्या बिचाऱ्यांना पाणी. मग त्यांना वरची वाटी नको? रोज संध्याकाळी अक्का कुंपणाच्या फटीपाशी उभ्या राहून जीभ टाळूला लावून एक आवाज काढायच्या, आणि हिरवी तेवढी बाहेर यायची. पिवळी आली तर नाना सुपाने परत हाकलायचे. हिरव्यांना पोपटभाऊंकडची तुपात चुरलेली बट्टी, गूळ, आणि वर ओवा-हळदीचा काढा. थंडीच्या दिवसात झोपायला कोरडा पेंढासुद्धा वेगळा.

मी कपाळाला हात लावला.

"अक्का, आता कसं कळणार, लशीने बरी राहिली की बट्टीने?"

"तूच तं सांगेल व्हतं ना, समता! तासभर!"

"सांगितलं होतं, पण..."

"मंग? ज्याले कमी, त्याले वरनी वाटी. हाई समता नही तं काय शे?"

 माझे वडील तिथे असते तर त्यांनी याचं पत्रक छापलं असतं.

परतीच्या वाटेवर मी धुळ्याला घरी थांबले. वडिलांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई तत्त्वाची आहे." मग म्हणाले, "तू काय करणार?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी बोरसे सरांसमोर उभी राहिले. बट्टीचं सांगितलं. त्यांची शीळ थांबली.

"कोणती बट्टी?"

"डाळ-बट्टीतली बट्टी. तुपातली. रोज."

"किती?"

"पोटभर."

सरांनी पंख्याकडे पाहिलं. "हे अहवालात लिहायलाच हवं का?"

"सर, आपण लस करतोय की बट्टी?"

"पण हिरव्यांना खोकला कमीच होता ना!"

"काढासुद्धा हिरव्यांनाच होता. पेंढासुद्धा. उद्या ही लस जामनेरच्या एखाद्या माणसाने घेतली, त्याच्याकडे ढाबा नाही, त्याची पिल्लं मेली, तर त्याला काय सांगायचं? सोबत तूप घ्या?"

सर रागावले. माझ्या आगाऊपणावर, अक्कांवर, पोपटभाऊंच्या तुपावर आणि एकंदर खानदेशी पाहुणचारावर. म्हणाले, सगळा मोसम वाया गेला. मी म्हटलं, वाया गेला. त्यांनी टेबलावर हात आपटला. मग माणूस मुळात सरळ म्हणून, खाली बसले आणि म्हणाले, "लिहा. पण बट्टी लिहू नका. काहीतरी शास्त्रीय लिहा." आम्ही लिहिलं: 'एका गटास अनियोजित पूरक आहार व विशेष निवारा मिळाल्याने निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.' इतकं छान तूप इतक्या कोरड्या वाक्यात कधी कोणी घातलं नसेल.

मग मी दुसरा मुद्दा काढला. चाचणी संपल्यावर पाणी मिळालेल्यांनाही लस मिळालीच पाहिजे. मग ती चाचणी फसो नाहीतर यशस्वी होवो. सर म्हणाले, "हे कुठल्या पत्रकात आहे?" मी म्हटलं, अजून नाही, उद्या छापते. लस निरुपद्रवी आहे हे तर सिद्ध झालंच होतं. आवश्यक ती परवानगी आली आणि मी उरलेल्या कुप्या घेऊन सोनगीरला गेले. सगळ्या पिवळ्यांना टोचलं. अक्का स्वतः फासाचा दांडा धरून उभ्या होत्या. शेवटचं पिल्लू किंचाळून मोकळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आते कसं. आते बराबर व्हयनं." मी म्हटलं, "अक्का, पुन्हा चाचणी करायची आहे. नव्या पिल्लांवर. पहिल्यापासून." त्यांनी दांडा खाली ठेवला. मग अट घातली: बट्टी दोन्ही रंगांना, किंवा कोणालाच नाही. आणि शेवटी पाणीवाल्यांना लस. मी म्हटलं, ही तर माझीच अट आहे. "मंग दोन अटी व्हयन्यात," असं नाना म्हणाले आणि पुन्हा सुपाकडे वळले. पोपटभाऊंनी दोन्ही रंगांना तूप पुरवायचं कबूल केलं आहे. माझ्या नोकरीत इतकी सुखाची वाटाघाट मी पाहिली नाही.

लस खरंच काम करते का, हे मला आजही माहीत नाही. मला वाटतं, करते. पण माझ्या वाटण्यावर जनाअक्कांनी पिल्लं का पणाला लावावीत? ते या हिवाळ्यात ठरायला हवं, कारण अक्कांकडच्या दोन माद्या व्यायल्या आहेत आणि पिल्लं थंडीच्या तोंडावर मोठी होणार आहेत.

आणि इथे घोडं अडलं आहे. अक्कांच्या अंगणाला फटी फार, शेजारी मसाल्याची गिरणी, आणि पुढे लग्नसराई. आम्हाला एक बंद शेड हवी आहे. छप्पर, सिमेंटची जमीन, पाण्याचा नळ, हवा खेळती. बस. सोनगीरपासून धुळ्यापर्यंत मी कितीतरी जणांच्या दारात गेले. कापसाच्या रिकाम्या गोदामांचे मालक, बंद पडलेल्या कोंबडीफार्मांचे मालक, सगळे चहा देतात. डुकरांसाठी हवी आहे म्हटलं की चहा तसाच राहतो आणि ते म्हणतात, "विचार करून सांगतो."

तुमच्यापैकी कोणाची अशी शेड त्या पट्ट्यात रिकामी पडली असेल, तर हिवाळाभर आम्हाला द्या. भाडं देऊ, धुऊन-पुसून परत देऊ. या अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा, नाहीतर सोनगीरला पोपटभाऊंच्या ढाब्यावर निरोप ठेवा. थंडी पडायच्या आत. विचार मागाहून सावकाश करा. आधी किल्ली द्या.